दुकान वाढवते

"फुटली," मी म्हणाले, आणि अक्कांनी पदराआडून माझ्या मांडीला चिमटा काढला.

"वाढली म्हणावं गं," त्या ओठांतल्या ओठांत पुटपुटल्या. मग समोर हात पुढं करून बसलेल्या मावशींकडे वळून मोकळ्या आवाजात म्हणाल्या, "आमची एक वाढली बघा, मावशी. तुमची अजून वाटेवर आहे."

मावशी डोळे घट्ट मिटून बसल्या होत्या. "किती वाढवशील माझ्या हातावर? मोठ्या मापाची दे की बाई, जीव चाललाय माझा."

"मोठी देते की. मग पहिल्याच धुण्याला दगडावर वाढेल, आणि तुम्ही वस्तीवरून मला शिव्या द्याल. मला इथं बसून ऐकू येतात त्या."

मावशींना हसू आलं. हसता हसता आवळलेला हात सैल पडला. अक्का त्या एका क्षणाचीच वाट बघत होत्या. साबणाच्या पाण्यात भिजलेली हिरवी बांगडी अंगठ्याच्या उंचवट्यावरून अशी घसरली, जशी पाणंदीतून वासरानं गोठ्याकडं धूम ठोकावी. मावशींनी डोळे उघडले तेव्हा ती मनगटावर बसलेली होती, जणू जन्मापासून तिथंच होती.

बार्शीच्या भगवंताच्या देवळामागच्या गल्लीत आमचं दुकान होतं, काटकर बांगडी भांडार. दुकान म्हणजे एक लांबट खोली, भिंतीला बांगड्यांच्या तोड्यांनी लगडलेल्या खुंट्या, आणि मधोमध बैठक. बैठक म्हणजे पांढऱ्या खोळीची गादी, तिच्यावर एक उशी, उशीवर गिऱ्हाइकाचा हात. मी त्या घरात धाकटी सून होऊन येऊन वर्षही झालं नव्हतं. अक्का माझ्या थोरल्या जाऊबाई, नाव पद्मावती. दादा म्हणजे त्यांचे यजमान. दुकान दादांच्या वडलांचं, पण जाताना त्यांनी किल्ल्या लेकाच्या नाही, अक्कांच्या हातात दिल्या होत्या. त्यामुळे गल्ल्यावर दादा बसायचे आणि शेवटचा शब्द अक्कांचा असायचा. आमचे हे एस.टी.च्या डेपोत. बांगडी आणि बेअरिंग यांतलं त्यांना फक्त बेअरिंग कळायचं.

दुकानाचे दोन नियम होते. पहिला, फुटणे हा शब्द उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. काच वाढते, नारळ वाढतो, रात्री दुकान बंद होत नाही, तेही वाढवतात. आणि दुसरा, भरताना वाढली तर ती कासाराची, तिचा पैसा घ्यायचा नाही. उंबऱ्याबाहेर वाढली तर घालणारीची.

या दुसऱ्या नियमामुळं शहाणा माणूस मोठंच माप देईल. मोठी बांगडी न वाढता जाते. अक्का मात्र हात बघून एक माप कमीच काढायच्या. "सैल बांगडी हातावर नाचते," त्या म्हणायच्या, "आणि नाचणारी लवकर वाढते. बसती बांगडी हाताबरोबर म्हातारी होते." मग अडणारी बांगडी असली की गुणगुणायला लागायच्या. त्यांच्या ओव्या त्यांच्याच असत, तिथल्या तिथं जुळवलेल्या.

*मनगटाच्या गावाला हिरवा चुडा गं निघाला,*
*अंगठ्याच्या खिंडीमधी कसा पाहुणा थबकला...*

ओवी ऐकताना बाई दुखणं विसरायची. माझं काम तोडे काढून देणं, साबणाचं पाणी बदलणं आणि वाढलेल्या काचा वेचणं. हात धरायची वेळ आली की माझ्या बोटांना कापरं भरायचं. लातूरच्या मास्तरांच्या घरात वाढलेली मी, जन्मानं कासाराची, पण परक्या बाईचा हात हातात घेणं मला जमायचंच नाही. अक्कांनी दोनदा बसवलं होतं. दोन्ही वेळा बाई ओरडली, आणि तिच्याआधी मी.

मावशींचे दोन्ही हात भरून झाले. उठताना त्या म्हणाल्या, "आमच्या चिंचवस्तीवर या की कवातरी. बारक्या पोरी हायत लई. एकीच्याबी हातात काचेचं काकण न्हाई. इथवर कोण आणणार?"

"शनिवारी येते," अक्का म्हणाल्या.

गल्ल्यावरून दादांची मान वर आली. "शनिवारी? बाजाराच्या दिवशी?"

"शनिवारी सकाळची शाळा असते. दुपारी पोरी घरी सापडतील."

"अगं, लग्नसराईचा शनिवार आहे. गल्लीत पाय ठेवायला जागा नसते."

"म्हणून तर आपण गल्लीत नको," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी उजवा हात कोमट पाण्याच्या तांब्याभोवती धरला. त्या अलीकडं असं पुष्कळदा करायच्या. मला वाटायचं, साबण धुताहेत.

त्याच दिवशी दुपारी मल्लूशेठ आले. सोलापूरचे घाऊक व्यापारी, आम्हाला माल तेच द्यायचे. जाडजूड, हसरे, पांढरा सदरा आणि कपाळाला विभूतीचे पट्टे. बैठकीवर बसले की गादीची एक बाजू खाली जायची आणि दुसऱ्या बाजूला मी वर यायची.

"वैनी, एक सांगतो, रागावायचं नाही बघा," त्यांनी सुरुवात केली. "ही बैठक काढून टाका की ओ."

"आणि तुम्हाला बसवू कुठं?"

"मस्करी नको. समोरचं नवीन दुकान बघितलात की नाही? काचेची कपाटं, आत लाईट, बांगड्यांच्या तयार पेट्या. बाई येती, रंग बघती, पेटी उचलती, जाती. हात धरायचा नाही, साबण नाही, वाढायची भीती नाही. तुम्ही एका बाईला भरता, तेवढ्यात तिथं दहा जणी पेट्या घेऊन घरी पोचून चहा पण पिऊन होतात."

दादा गल्ल्यावरून उठून जवळ येऊन बसले. मल्लूशेठनी खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि उशीवर पसरला. काचेच्या कपाटांचं चित्र होतं. "कपाटं माझी. सुतार माझा. या हंगामाचा सगळा माल मी भरून देतो, हंगाम झाल्यावर हिशोब. फक्त पाटीवर माझं नाव, आणि माल माझ्याकडचाच. तीन मापं ठेवायची, बस्स. बारीक, मध्यम, मोठं."

"आणि हात या तिन्हींच्या मधला असला तर?" अक्कांनी विचारलं.

"मोठं द्यायचं."

"सैल होईल."

"होऊ दे की." मल्लूशेठनी आवाज खाली आणला, जणू दागिना दाखवताहेत. "सैल लवकर वाढती. लवकर वाढली की बाई लवकर परत येती. कळलं का वैनी? घट्ट बसवून बसवून तुम्ही तुमचंच गिऱ्हाईक घालवताय."

अक्का इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. दादा हसले नाहीत. ते अक्कांच्या हाताकडं बघत होते.

"विचार करा," शेठ उठत म्हणाले. गादी सपाट झाली. "पण हंगाम थांबत नसतो. शनिवारी दुपारी येतो जबाबाला. तुम्ही नाही म्हणलात तर कपाटं दुसऱ्याला द्यावी लागतील. माझं मन तुमच्याकडं आहे, म्हणून पहिलं इथं आलो. दुकान वाढवा की वैनी. तेवढंच म्हणतो, दुकान वाढवा."

ते गेल्यावर दादा म्हणाले, "मला पटतंय त्यांचं."

"मला ठाऊक आहे," अक्का म्हणाल्या. त्यांनी कागदाची घडी घालून उशीखाली ठेवली. रात्री जेवताना दादांनी त्यांच्या ताटात भाजी न विचारता दोनदा वाढली. आमच्या घरात ही भांडणाची खूण होती.

शनिवार उजाडला. बाजार असा भरला होता की गल्लीचं दुसरं टोक दिसेना. भरजरी लुगड्यांची, नव्या चपलांची, डोक्यावर पितळी घागर घेतलेल्या करवल्यांची रीघ लागली होती. बैठकीवर एक उठली की दोघी बसत होत्या. मी तोडे काढता काढता घामाघूम. आणि बारा वाजत आले तशा अक्का उंबऱ्यापाशी जाऊन उभ्या राहिल्या आणि बाहेर थांबलेल्या बायकांना हात जोडून म्हणाल्या, "ज्या आत बसल्यात त्यांचं भरते. बाकीच्यांनी कृपा करा, उद्या या. उद्या मी दिवसभर आहे."

बायका कुरकुरल्या. एक-दोघी समोरच्या दुकानात शिरल्या, तेही मी पाहिलं. अक्कांनीही पाहिलं. दादा तेव्हा मागच्या खोलीत माळ्यावरून पेटारे काढत होते, त्यांना यातलं काही ठाऊक नव्हतं.

शेवटच्या बाईचा हात भरून झाला आणि अक्का कंदिलाच्या खुंटीवरची किल्ली काढत होत्या, तेवढ्यात दारात मल्लूशेठ. घाम पुसत, हसत.

"काय ठरलं वैनी?"

अक्कांनी किल्ली कमरेला खोचली. "दुकान वाढवते मी, शेठ," त्या म्हणाल्या आणि लाकडी फळी उचलायला वळल्या.

मल्लूशेठचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "बास," ते म्हणाले. "बास की मग. मला माहितीच होतं." त्यांनी बैठकीला वाकून नमस्कार केला. आता ही जाणार म्हणून निरोपाचा असावा. मागच्या खोलीतून दादा पेटारा घेऊन आले तर त्यांचे दोन्ही हात धरून म्हणाले, "वैनी हो म्हणल्या. दुकान वाढवते म्हणल्या. सकाळी टेम्पो येतो बघा." आणि गर्दीतून तिरके तिरके होत दिसेनासे झाले.

दादा पेटारा तसाच धरून उभे. अक्का एकेक फळी लावत होत्या. दादांना वाटलं, सुतारांसाठी दुकान रिकामं करायची तयारी चाललीय. त्यांनी पेटारा ठेवला, बायकोच्या हातातली फळी घेतली आणि उरलेल्या सगळ्या स्वतः लावल्या. "तू नको उचलू," म्हणाले. "सांगायचंस की मला." अक्का त्यांच्याकडं नवलानं बघत राहिल्या. मग त्यांनी टोपली माझ्या डोक्यावर ठेवली आणि आम्ही निघालो.

चिंचवस्तीची वाट ओढ्याच्या कडेनं जात होती. उन्हं कडक होती, पण करंजाला नवी पालवी फुटली होती आणि सावलीला हिरवा वास येत होता. टोपलीतल्या बांगड्या माझ्या पावलांबरोबर किणकिणत होत्या. जरा पुढं गेल्यावर मी विचारलं, "अक्का, शेठना काय वाटलं असेल?"

"काय वाटलं?"

"तुम्ही म्हणालात, दुकान वाढवते."

"मग? वाढवलंच ना. तूच बघितलंस फळ्या लावताना." त्या पुढं चालत राहिल्या. मागून मला त्यांचा चेहरा दिसत नव्हता, पण खांदे हलत होते.

वस्तीवर आमची वर्दी आधीच पोचली होती. चिंचेखाली सारवून ठेवलं होतं. शाळेच्या निळ्या फ्रॉकात, परकरात, कुणी भावाच्या सदऱ्यात, अशा पोरी रांगेत बसल्या होत्या आणि रांग सारखी मोडत होती. मावशी काठी घेऊन उभ्या, पण मारण्यापेक्षा टेकायलाच. अक्कांनी चटई पसरली, उशी मांडली, वाटीत साबण कालवला. पहिल्या पोरीच्या हातात पाहता पाहता बांगड्या चढल्या. ती उठून चिंचेला फेरी मारत सुटली, हात कानाशी धरून, आवाज ऐकत.

दुसरी पोरगी पुढं आली तेव्हा अक्का हात झटकत म्हणाल्या, "अंगठ्यात काटा गेला वाटतं. वृंदे, तू भर हिला."

"मी?"

"आणखी कोण आहे? चिंच?"

पोरीचं नाव मैना. समोरचे दोन दात पडलेले, डोळ्यांत काजळ गालापर्यंत. तिनं माझ्याकडं पाहिलं आणि विचारलं, "दुखंल का?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले. खरं तेच होतं.

"तुला येत न्हाई?"

"शिकतेय."

तिनं थोडा विचार केला. "मग शीक," म्हणाली, आणि मांजराचं पिल्लू सोपवावं तसा तिनं आपला हात माझ्या हातात ठेवला.

तो हात इतका मऊ होता की माझ्या बोटांना घाबरायला काही सापडेना. मी चारी बोटं जुळवली, अंगठा तळव्यात दुमडला, बांगडी साबणात बुडवली. अक्का शेजारी बसून डाव्या हाताच्या एका बोटानं माझं मनगट किंचित खाली करत होत्या, बाकी काही नाही. "ढकलू नको," त्या म्हणाल्या. "बांगडी जात नसते. हात आत येतो. त्याला बोलाव." आणि बोलवायचं कसं ते सुचेना, तेव्हा माझ्या तोंडून आपोआप ओवी आली, अक्कांची नव्हे, माझीच.

*अंगठ्यादादा सर बाजू, वाट पाहुण्याला दे रे,*
*मनगटाच्या अंगणात हिरवं तोरण लागे रे...*

सुळकन गेली. मैनेनं हात वर केला, आधी बांगडीकडं पाहिलं, मग माझ्याकडं. "आली की तुला," ती म्हणाली.

मग दुपारभर मीच भरत राहिले. काही वाढल्या. वाढली की सगळ्या पोरी एका सुरात ओरडायच्या, "वाढली," आणि पुढची आणखी हौसेनं हात पुढं करायची, आपल्या हातावर वाढते का बघायला. अक्का तोडे काढून देत होत्या, साबणाचं पाणी बदलत होत्या, काचा वेचत होत्या. माझं काम त्या करत होत्या आणि त्यांचं मी. कुणाकडून पैसे घेतले नाहीत. "पहिला चुडा दुकानाकडून," त्यांनी मावशींना सांगितलं. "पुढचे मात्र विकत."

उन्हं उतरली तेव्हा माझी बोटं सुरकुतली होती आणि त्यांना काहीतरी कळलेलं होतं. मला सांगता येणार नाही काय, पण त्यांना कळलं होतं. परतताना ओढ्यावर वारा आला. टोपली हलकी झाली होती. अक्का म्हणाल्या, "गुळगुळीत हातावर शिकावं. माझ्या सासूबाईंनीही मला असंच एका वाडीवर नेलं होतं." मी दमले होते, म्हणून पुढं काही विचारलं नाही.

रविवारी सकाळी झोप मोडली ती टेम्पोच्या हॉर्ननं.

गल्लीत टेम्पो उभा. मागं पोत्यांत गुंडाळलेली काचेची कपाटं, त्यांना धरून दोन सुतार. पुढं मल्लूशेठ, हातात पेढ्यांचा पुडा, आणि त्यांच्या शेजारी त्यांची बायको गंगव्वा, ठसठशीत कुंकू, पूजेचं ताट घेतलेली. नव्या दुकानाची पूजा करायला ती मुद्दाम सोलापुरातून आली होती. दादा नवं धोतर नेसून हार घेऊन उभे होते. समोरचा दुकानदार दारात येऊन बघत होता. देवळातून येणारे लोक थांबत होते.

अक्का केस पुसत बाहेर आल्या. "हे काय?"

"कपाटं," मल्लूशेठ म्हणाले.

"कुणाची?"

शेठचं हसू अर्ध्यावर थांबलं. "वैनी, काल तुम्हीच म्हणलात की. दुकान वाढवते."

"वाढवलं होतं ना. वस्तीवर जायचं होतं, म्हणून दुपारीच वाढवलं. विचारा हिला."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी मान हलवली. मग समोरच्या दुकानदाराला कळलं, आणि तो आधी हसला. मग सुतार. मग हसू गल्लीभर गेलं. फक्त मल्लूशेठ आणि दादा हसत नव्हते.

"हे बरोबर नाही वैनी," शेठ म्हणाले. त्यांचा चेहरा पडला होता, आणि मला वाईट वाटलं. माणूस मनानं सरळ होता. "सोलापुरातून कपाटं आणली मी."

"आलात ते चांगलंच केलंत. आत या. गंगव्वाताई, तुम्ही पण या. चहा घ्या, मग भांडू."

आत आल्यावर दादांनी हार खुंटीला टांगला आणि बैठकीच्या कडेला बसले. मी त्यांना इतक्या मोठ्यानं बोलताना कधी ऐकलं नव्हतं. "तुला काय वाटतं, मला पाटीवर परक्याचं नाव पाहिजे होतं? पेट्या पाहिजे होत्या? तुझ्या अंगठ्यासाठी करत होतो गं मी हे. रात्री झोपेत कण्हतेस. सकाळी कपबशी दोन हातांनी धरतेस. आणखी किती वर्षं भरणार आहेस? एक? दोन? मग ही बैठक कोण चालवणार? त्यापेक्षा आधीच..."

मी तांब्याकडं पाहिलं. कोमट पाणी. चिंचेखालचा काटा. माझ्या डोळ्यांपुढून सगळं एका ओळीत गेलं.

अक्का दादांच्या जवळ जाऊन बसल्या. "मला ठाऊक आहे," त्या म्हणाल्या, परवासारख्याच, पण या वेळी मऊ आवाजात. "अंगठा माझा आहे, मला नाही कळणार? म्हणून तर काल दुकान वाढवलं. बाजाराचा दिवस पुढच्या शनिवारीही येतो. हात असे एका शनिवारी तयार होत नाहीत, पण सुरू तरी कुठल्यातरी शनिवारी करावे लागतात." त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही. फक्त उशी माझ्या बाजूला सरकवली. "गंगव्वाताई, हात दाखवा बघू."

गंगव्वांनी हात पुढं केला. जाड, भाकऱ्या थापून थापून कडक झालेला. मनगटावर सैल बांगड्या, कोपरापर्यंत वर-खाली नाचणाऱ्या. "मला बसत नाहीत," त्या लाजून म्हणाल्या. "दुखतंय. म्हणून ह्यांच्या पेटीतल्या मोठ्याच घालते."

"वृंदा भरेल," अक्का म्हणाल्या.

चिमणीच्या पंखासारखे हात कालचे, आणि हा आजचा. मल्लूशेठ पुढं वाकून बघत होते, दादाही. मी हात उशीवर घेतला. अंगठा दुमडला. पहिली बांगडी अर्ध्यावर गेली आणि कट्कन आवाज आला.

"फुटली," मल्लूशेठ म्हणाले.

"वाढली," मी म्हणाले. "आमची. तुमची अजून वाटेवर आहे."

अक्कांनी तोंडाला पदर लावला. मी दुसरी बांगडी घेतली आणि गंगव्वांना विचारलं, सोलापुरात पाणी किती दिवसांनी येतं? मग त्या नळाच्या रांगेबद्दल, शेजारणीबद्दल, सुनेच्या स्वयंपाकाबद्दल सांगत सुटल्या, आणि सुनेच्या आमटीशी आल्या तोवर हात लोण्यासारखा सैल झाला होता. दुसरी गेली. तिसरी गेली. दोन्ही हात भरले. गंगव्वांनी हात हलवून पाहिला. बांगड्या नाचल्या नाहीत, नुसत्या एकमेकींशी बोलल्या. त्या नवऱ्याकडं वळून कानडीत काहीतरी म्हणाल्या आणि मल्लूशेठ कानापर्यंत लाल झाले.

"काय म्हणतात?" दादांनी विचारलं.

"काही नाही की ओ."

"सांगा ना."

"म्हणती," शेठनी कपाळ पुसलं, "गावभर बांगड्या विकता आणि घरच्या बाईला माप माहीत नाही तुम्हाला."

मग मात्र दादा हसले. असे हसले की गादीची एक बाजू त्यांच्यासह हलली.

चहा झाला. अक्कांनी परवाचा कागद उशीखालून काढून शेठच्या हातात दिला. "कपाटं परत न्या. एक मात्र ठेवा, मागच्या भिंतीला, तोड्यांवर धूळ बसते. आणि एक काम करा. तीन मापांच्या मधली मापं मला आणून द्या. दुसरा कुणी ठेवत नाही. जी बाई इथं बसेल, ती दुसरीकडं जाणार नाही, आणि मला लागणारी मापं तुमच्याशिवाय कुणाकडं मिळणार नाहीत. आता सांगा, कुणाचं दुकान वाढलं?"

मल्लूशेठनी कागद खिशात घातला. मग पेढ्याचा पुडा उघडला. "आणले आहेत ते खायला तरी पाहिजेत," म्हणाले.

त्या हंगामात समोरच्या दुकानानं आमच्यापेक्षा पुष्कळ जास्त विकलं. पुढच्याही. अक्कांनी दर शनिवारी दुपारी दुकान वाढवायचा शिरस्ता ठेवला, आणि आम्ही एकेक वस्ती करत गेलो. नंतर कधीतरी, नेमकं कधी ते कुणाच्या ध्यानात राहिलं नाही, बैठकीवर नव्या नवऱ्या येऊन बसायला लागल्या आणि हात पुढं करताना डोळे मिटेनाशा झाल्या. "मला तुम्हीच भरल्या होत्या," त्या म्हणायच्या. "चिंचेखाली." मैना आपल्या लग्नाचा चुडा भरायला आली तेव्हा तिनं सगळ्या वऱ्हाडासमोर सांगितलं, "हिला मी शिकवलंय."

अक्का आता गल्ल्याजवळ खुर्चीत बसतात, दादा शेजारी. अंगठा वाकत नाही, जीभ वाकते. मधली मापं अजून सोलापूरहूनच येतात, मल्लूशेठच्या नातवाकडून.

परवाच्या शनिवारी एक कंपनीचा तरुण प्रतिनिधी आला होता, गळ्यात ओळखपत्र, हातात टॅबलेट. बांगड्या मोबाइलवरून विकायच्या, घरपोच पाठवायच्या, मापाची भानगड नाही, असं तो छान समजावून सांगत होता. बाहेर बायका खोळंबल्या होत्या. माझा उजवा हात कोमट पाण्याच्या तांब्याभोवती होता. दाराशी माझी सून मुग्धा टोपली भरत होती. पुण्यात वाढलेली पोर, हुशार, पण कुणाचा हात धरायचा म्हटलं की तिच्या बोटांना कापरं भरतं.

मी उठले. खुंटीवरची किल्ली काढली.

"तुमचा विचार काय मॅडम?" त्यानं विचारलं.

"दुकान वाढवते," मी म्हणाले.

त्याचा चेहरा खुलला. "वा. कधीपासून?"

खुर्चीतून अक्कांनी पदर तोंडाला लावला.

"आत्तापासून," मी म्हणाले आणि फळी उचलली.